चांदीखालचं तांबं

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडमधल्या शेफील्डला गेले होते. तिथल्या मिलेनियम गॅलरीत काटे-सुऱ्यांबरोबर जुनी शमादानं पाहिली. काहींच्या कडांना चांदी जाऊन तांबं दिसत होतं. एवढं मोठं संग्रहालय नवा मुलामा का देत नाही? आमच्याकडेही असाच एक जुना ट्रे आहे. तो चकचकीत करून घेऊ का?

उत्तर : ताई, इतक्यात देऊ नका. आधी ट्रे उलटा करून नीट पाहा.

तुम्ही पाहिलेली शमादानं ‘शेफील्ड प्लेट’ची, म्हणजे चांदी-तांब्याच्या जोडपत्र्यातून घडवलेली असावीत. जुन्या शेफील्ड प्लेटमध्ये चांदी मागाहून चढवलेली नसते. १७४३च्या सुमारास थॉमस बोल्सोव्हर या तिथल्या सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराच्या लक्षात आलं, की तांब्यावर चांदी दाबून तापवली तर दोन्ही एकजीव होतात. चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते, तांबं १०८५ला. पण दोन्ही मिसळले की ७७९ अंशही पुरतात. म्हणून नेमकी मधली रेघ आधी वितळते आणि सांधा धरतो. ही जोडलगड लाटून पत्रा करायचा, मग वस्तू घडवायची.

पत्रा कापला की कडेला तांबं उघडं पडणारच. ते झाकायला कड दुमडत, किंवा चांदीची तार डाख देऊन बसवत. कडेखालून नख फिरवा, ते अडकतं. घराण्याचं चिन्ह कोरताना हत्यार तांब्यापर्यंत पोचू नये म्हणून तिथे जाड चांदीची चकती बसवत. तोंडाची वाफ सोडली की चकतीचा काठ उमटतो! संग्रहालयात नोकरीला असताना नव्या मुलांना मी पहिल्यांदा हेच दाखवायचो.

एल्किंग्टन या कारखानदारांनी १८४०मध्ये बर्मिंगहॅमला विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं. हा मुलामा तयार वस्तूवर सगळीकडे सारखा बसतो. जुन्या शमादानाला तो दिला, तर तार, दुमड, चकती, सगळं गाडलं जातं. शिवाय आधी घासून पृष्ठभाग सारखा करतात, त्यात मूळ चांदीही जाते. संग्रहालय हे कसं होऊ देईल?

आता तुमचा ट्रे. नुसतं तांबं दिसलं म्हणजे शेफील्ड प्लेट नव्हे. विजेचा मुलामा तांब्यावरही देत. मागे ‘ईपीएनएस’ (‘इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर’चं लघुरूप) अशी अक्षरं असतील, तर तो विजेच्या मुलाम्याचाच. रोजच्या वापरातला असेल तर खुशाल नवा मुलामा द्या. पण नख अडकलं, तर सौम्य साबणाने धुवा, मऊ फडक्याने लगेच कोरडा करा आणि पॉलिशची पावडर अजिबात लावू नका.