वाचकांचे प्रश्न : शर्यतीच्या रेषेवर होडी थांबवायची कशी?

प्रश्न : गेल्या हंगामात, वयाच्या पंचेचाळिशीत, मी एकट्याने चालवायची शिडाची छोटी होडी शिकलो. मोकळ्या पाण्यात होडी चांगली पळते, वळणेही जमतात. पण क्लबच्या शर्यतीत पहिली खूण गाठण्याआधीच सगळे पुढे निघून जातात. माझे शीड जुने आहे. नवे घेतले तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण तुम्हाला अपेक्षित आहे तेवढा नाही. जुन्या शिडाचे कापड ताणले गेले की त्याचा फुगवटा मागे सरकतो आणि होडी वाऱ्याच्या फार जवळून जाऊ शकत नाही, हे खरे आहे. मात्र दोष शिडाचाच असता, तर मोकळ्या पाण्यातही होडी रखडली असती. तुम्ही मागे पडता ते बहुधा शर्यत सुरू होण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात, आणि त्याचे कारण होडी पळवता न येणे हे नसून ती हवी तिथे थांबवून धरता न येणे हे असावे. पैसे तूर्त राखून ठेवा आणि थांबणे शिका.

सुरुवातीची रेषा दोन खुणांमध्ये मनाने ओढायची असते आणि तिच्यावर कोणाची जागा ठरलेली नसते. नेहमीच्या पद्धतीत पाच मिनिटे आधी वर्गाचे, म्हणजे त्या प्रकारच्या होड्यांचे, निशाण चढते, चार मिनिटे आधी पूर्वतयारीचे निशाण चढते, एक मिनिट उरले की ते उतरते आणि वर्गाचे निशाण उतरताच शर्यत सुरू होते. वेळ निशाणावरून धरायची. भोंगा वाजला नाही तरी निशाणच प्रमाण. शेवटच्या मिनिटात अनुभवी मंडळी रेषेच्या जेमतेम एक-दोन होड्यांच्या लांबीइतकी मागे येऊन, शिडे सैल सोडून, जवळजवळ स्थिर उभी राहतात. नवशिक्याला मात्र थांबले की होडी हातची जाईल असे वाटते, म्हणून तो मागच्या बाजूला चकरा मारत राहतो आणि ऐन वेळी दुसऱ्या रांगेत सापडतो. तिथे त्याच्या शिडापर्यंत येतो तो पुढच्या शिडांवरून गेलेला, मंदावलेला आणि दिशा बदललेला वारा. त्यामुळे मागे राहिलेली होडी आणखी मागे पडत जाते, आणि मग त्याला शीड जुने वाटू लागते.

सरावासाठी कोणाची सोबत लागत नाही. पाण्यावर तरंगणारी एक खूण पुरते. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याच्या दिशेपासून पन्नास-साठ अंशांवर ठेवून खुणेच्या शेजारी या, मेनशीट म्हणजे शिडाची ओढदोरी सोडा आणि खुणेपासून हातभर अंतरावर एक मिनिटभर उभे राहून दाखवा. किकर, म्हणजे बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) खाली खेचून धरणारी दोरी, आधी सैल करा. ती आवळलेली असेल तर ओढदोरी सोडूनही शीड थोडा वारा धरूनच राहते आणि होडी पुढे सरकते. होडी उभी असताना सुकाण्यावरून पाणी वाहत नाही, त्यामुळे सुकाणू जवळजवळ निरुपयोगी असते, आणि नेमके हेच पुष्कळांना उशिरा कळते. अशा वेळी होडी वळवायची ती शरीराने आणि शिडाने. आपले वजन वाऱ्याकडच्या बाजूला टाकून होडी किंचित आपल्याकडे कलवली तर नाळ वाऱ्यापासून दूर जाते. उलट बाजूला कलू दिली, किंवा शीड थोडे ओढले, तर नाळ वाऱ्याकडे वळते. बूम हाताने बाहेर ढकलून धरली तर होडी मागेही येते. या तीन-चार हालचाली अंगवळणी पडल्या की गर्दीत उभे राहण्याची भीती बरीच ओसरते.

दुसरी गोष्ट जागेची. उभे राहताना आपल्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, निदान एका होडीच्या रुंदीपेक्षा जास्त पाणी मोकळे राखा. उभी होडी वेग धरते ती नाळ जराशी खाली वळवून, आणि खाली दुसरी होडी चिकटलेली असेल तर ते करताच येत नाही. सुरुवातीला काही सेकंद उरले असताना नाळ थोडी खाली घ्या, होडी सपाट करा आणि शीड एका झटक्यात न ओढता वेगाच्या बेताने आत घ्या. थांबलेल्या होडीचे शीड एकदम आवळले तर ती पुढे जाण्याऐवजी आडवी सरकते. उभ्या स्थितीतून पूर्ण वेग धरायला तुमच्या होडीला किती सेकंद लागतात, हे हलक्या आणि जोरदार अशा दोन्ही वाऱ्यांत घड्याळ लावून पाहून ठेवा.

रेषेचे कोणते टोक वाऱ्याला अधिक जवळ आहे हे पाहायचे असेल, तर रेषेवर होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर धरा. नाळ ज्या टोकाकडे झुकेल ते टोक फायद्याचे. शंभर मीटरची रेषा वाऱ्याशी काटकोनात न राहता दहा अंशांनी तिरकी असली, तरी एका टोकावरची होडी दुसऱ्या टोकावरच्या होडीपेक्षा वाऱ्याच्या दिशेने सुमारे सतरा मीटर पुढून निघते. तरीही पहिल्या वर्षी मी तुम्हाला त्या टोकावर जायला सांगणार नाही. तिथेच सगळे जमतात, आणि सतरा मीटरच्या मोहात मंदावलेला वारा व आरडाओरडा तेवढा पदरात पडतो. फायद्याच्या टोकापासून तिसरा हिस्सा अंतर सोडून उभे राहा. रेषेच्या मध्यावर बहुतेक जण नकळत रेषेच्या बरेच मागे थांबतात. तुम्ही आधीच दोन्ही टोकांची सरळ रेषा किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडाशी किंवा खांबाशी जुळवून ठेवली असेल, तर तिथे होडीभर आघाडी आयतीच मिळते.

प्रश्न : शर्यतीत इतर स्पर्धक ओरडून सूचना देतात आणि माझा गोंधळ उडतो. सगळे नियम पाठ झाल्याशिवाय उतरूच नये का?

उत्तर : जरूर उतरावे. वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संस्था नियमांचे पुस्तक दर चार वर्षांनी सुधारते, आणि सध्या २०२५ ते २०२८ या काळाची आवृत्ती लागू आहे. ते सबंध पाठ असलेले खेळाडू क्लबात क्वचितच भेटतात. आरंभी चार गोष्टी पक्क्या असाव्यात. दोन होड्यांच्या वेगवेगळ्या बाजूंनी वारा येत असेल, तर जिच्या डाव्या बाजूने वारा येतो ती पोर्ट टॅकवरची होडी बाजूला होते. दोघींना एकाच बाजूने वारा असेल आणि त्या शेजारी-शेजारी असतील, तर वाऱ्याकडची होडी बाजूला होते. एक पूर्णपणे मागे असेल, तर मागची. वळण घेत असलेल्या होडीने इतरांपासून दूर राहायचे. खुणेपासून तीन होड्यांच्या लांबीच्या आत आल्यावर आतल्या बाजूच्या होडीला जागा देण्याचा नियम लागू होतो, ४.२३ मीटर लांबीच्या लेझर या एकट्याने चालवायच्या होडीसाठी हे अंतर १२.७ मीटर भरते. त्या नियमाला पोटनियम पुष्कळ आहेत, ते हळूहळू कळतील. हक्क आपला असला तरी शक्य तिथे टक्कर टाळणे बंधनकारक असते, हे मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

समोरून येणारी होडी आपल्या पुढून जाईल की मागून, हे ठरवण्यासाठी तिच्या मागचा किनारा पाहा. ती किनाऱ्याच्या तुलनेत पुढे सरकताना दिसली तर ती आपल्या पुढून जाणार. मागे सरकताना दिसली तर आपण पुढून जाऊ. जागच्या जागीच दिसत राहिली, तर टक्कर ठरलेली आहे. तुम्ही पोर्ट टॅकवर असाल आणि शंका वाटली, तर वेळीच शीड सैल करून तिच्या मागच्या टोकाकडे नाळ वळवा आणि मागून निघा. यात गमवावे लागते ते फार तर होडीभर अंतर. शेवटच्या क्षणी घाबरून घेतलेले वळण याहून महाग पडते.

नियम मोडलाच, तर इतरांपासून दूर जाऊन लागोपाठ दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. नुसती खुणेला होडी लागली असेल, तर एक. ओरडणाऱ्याशी वाद पाण्यावर घालू नये, किनाऱ्यावर घालावा.

प्रश्न : माझे वजन ५४ किलो आहे. वारा वाढला की होडी एका कुशीवर कलते आणि सुकाणू जड होते. ताकद वाढवणे हाच उपाय आहे का?

उत्तर : ताकद उपयोगी पडते, पण ती या यादीत तिसरी. पहिली गोष्ट शिडाच्या आकाराची. लेझर, म्हणजे आजच्या नावाने आयएलसीए, या वर्गात होडीचा सांगाडा तोच ठेवून ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर अशी तीन शिडे वापरता येतात. तुमच्या वजनाला मधले शीड हलक्या वाऱ्यात ठीक आहे, पण जोराच्या वाऱ्यात धाकटे शीड लावण्यात कमीपणा मानू नका.

दुसरी गोष्ट क्रमाची. होडी कलल्यावर शीड सैल करणे म्हणजे उशीर झाला. वाऱ्याचा झोत पाण्यावर काळसर पट्ट्यासारखा येताना दिसतो. तो पोहोचण्याच्या क्षणीच शीड थोडे सोडा, अंग बाहेर झोकून द्या आणि होडी सपाट झाली की शीड परत ओढा. कललेली होडी आपोआप वाऱ्याकडे वळू पाहते, तुम्ही सुकाण्याने तिला रोखता आणि ते सुकाणू पाण्यात ब्रेकचे काम करते; तुम्हाला जाणवणारा जडपणा तो हाच. झोत सतत येत असतील, तर किकर आणि कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी, दोन्ही चांगली आवळा. त्यामुळे डोलकाठी वाकते, शीड चपटे होते आणि वरचा जादा वारा निसटून जातो.

उरली ताकद. पाय पट्ट्यात अडकवून अंग होडीबाहेर ताणून धरण्याची कला ज्यांनी फार पुढे नेली, ते डेन्मार्कचे पॉल एल्व्हस्ट्रॉम घरी खास बाकावर तिचा सराव करीत. त्यांनी १९४८ ते १९६० या चार ऑलिंपिकमध्ये सलग सुवर्णपदके मिळवली. आपल्याला मांड्या आणि पोट वीस मिनिटे साथ देतील एवढे पुरे.

प्रश्न : आमच्या क्लबात वेगवेगळ्या प्रकारच्या होड्या एकत्र धावतात. चौथी आलेली होडी विजयी कशी ठरते?

उत्तर : प्रत्येक प्रकाराला वेगाचा एक अंक दिलेला असतो. पोर्ट्समथ पद्धतीत लागलेल्या वेळेला १००० ने गुणून त्या अंकाने भागतात. १००० अंकाच्या होडीला ५३ मिनिटे लागली आणि ११०० अंकाच्या होडीला ५७, तर दुसरीची सुधारित वेळ ५१ मिनिटे ४९ सेकंद भरते आणि ती जिंकते.

शर्यतींच्या मालिकेत पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन असे गुण मिळतात आणि कमीत कमी गुणांचा खेळाडू पहिला येतो. क्लबाच्या सूचनांत वेगळे काही नसेल, तर शर्यत अर्धवट सोडणाऱ्याला मालिकेत नाव नोंदवलेल्या एकूण होड्यांच्या संख्येपेक्षा एक गुण जास्त लागतो. वीस नोंदी असतील आणि त्या दिवशी बाराच होड्या उतरल्या असतील, तर अगदी शेवटी पोहोचणाऱ्याला बाराच गुण लागतात आणि कंटाळून परत फिरणाऱ्याला एकवीस.