‘वर्णपट’ राहू द्यावा, ‘संरक्षक’ बदलावा

जळगावच्या एका महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, ‘स्पेक्ट्रम प्रिझर्व्हिंग लिनियर मॅप’ या संज्ञेसाठी मराठीत काय लिहावे? पदव्युत्तर वर्गाच्या टिपणांत त्यांनी ‘वर्णपट-संरक्षक रेषीय नकाशा’ असे लिहिले होते. त्यावर एका सहकाऱ्यांनी ‘यात वर्ण कुठे आहेत?’ अशी शंका काढली आणि वर्णपटाऐवजी ‘मूल्यपट’ हा शब्द सुचवला.

शंका रास्त आहे, पण ‘वर्णपट’ सोडू नये असे मला वाटते. लॅटिनमध्ये ‘स्पेक्ट्रम’ म्हणजे जे दिसते ते, आभास, आकृती. लोलकातून बाहेर पडणाऱ्या रंगांच्या पट्ट्यासाठी न्यूटनने १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रात हा शब्द वापरला, तेव्हापासून तो रंगांशी बांधला गेला. मूळ शब्दात रंग नव्हताच. डाव्हिड हिल्बर्ट यांनी १९०६ मध्ये समाकल समीकरणांवरील लेखनात हाच शब्द कारकांसाठी (ऑपरेटर, म्हणजे एका सदिशाचे किंवा फलनाचे दुसरे करणारी क्रिया) घेतला, त्या वेळी अणूंच्या प्रकाशरेषांशी त्याचा काही संबंध निघेल अशी कोणाची कल्पना नव्हती. पुढे १९२५-२६ मध्ये पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) उभी राहिली आणि असे दिसून आले की, अणूच्या ऊर्जापातळ्या म्हणजे एका कारकाचा स्पेक्ट्रमच असून प्रयोगशाळेत दिसणाऱ्या रेषा त्या पातळ्यांमधील फरकांतून येतात. गणितातला शब्द आणि भौतिकीतला शब्द वीस वर्षांनी एकमेकांना भेटले. मराठीत त्यांची नावे वेगळी केली, तर ही भेट आपल्या विद्यार्थ्यांना दिसणारच नाही.

शिवाय ‘वर्ण’ म्हणजे केवळ रंग नव्हे. संस्कृतात त्याच धातूचा अर्थ रंगवणे असा आहे, तसाच वर्णन करणे असाही आहे, आणि कारकाचा वर्णपट हे त्या कारकाचे एक वर्णनच असते. उरला ‘पट’. वस्त्र या अर्थावरून पसरून मांडलेल्या गोष्टीला आपण पट म्हणतो: सारीपट, चित्रपट आणि शाळेतला हजेरीचा पट. चोपडा तालुक्यातल्या ज्या शाळेत मी शिकलो, तिथे गुरुजी दर महिन्याला आमच्या बसण्याच्या रांगा बदलत. खिडकीजवळचा मुलगा दाराशी जाई, पहिल्या रांगेतला शेवटच्या रांगेत जाई, पण पटावरची नावे तीच राहत. कारकाच्या बाबतीत पाया (बेसिस, म्हणजे मोजण्यासाठी धरलेले अक्ष) बदलला, तर त्याच्या आव्यूहातले (मॅट्रिक्समधले) आकडे असेच जागा आणि रूप बदलतात, पण वर्णपट तोच राहतो.

‘मूल्यपट’ शब्द ऐकायला चांगला असला, तरी तो अपुरा पडतो. कारकातून एखाद्या संख्येने गुणलेला एकक-कारक (सगळे जसेच्या तसे ठेवणारा कारक) वजा केला आणि उरलेला कारक व्यस्त करता, म्हणजे उलटवता, आला नाही, तर ती संख्या वर्णपटात येते. सांत मितींत अशा संख्या म्हणजे स्वमूल्येच (आयगेनव्हॅल्यू, म्हणजे कारक एखाद्या शून्येतर सदिशाला ज्या संख्येने नुसते गुणतो ती संख्या) असतात, म्हणून तिथे ‘मूल्यपट’ चालून जातो. अनंत मितींत तसे राहत नाही. ० ते १ या अंतरालावरील, वर्ग समाकलनीय असलेली फलने घ्या आणि प्रत्येक फलनाला क्ष ने गुणणारा कारक पाहा. या कारकाला एकही स्वमूल्य नाही, तरीही ० पासून १ पर्यंतचे संपूर्ण अंतराल त्याचा वर्णपट आहे. भौतिकीत आपण रेषा-वर्णपट आणि अखंड वर्णपट असे म्हणतोच. सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा एका बाजूला आणि तापलेल्या तारेचा सलग पट्टा दुसऱ्या बाजूला ठेवला, की विद्यार्थ्याला कारकांमधला भेदही त्याच शब्दांत सांगता येतो.

आता ‘संरक्षक’. माझा खरा आक्षेप या शब्दावर आहे. संरक्षण म्हटले की समोर हल्ला करणारा कोणीतरी लागतो. आपल्या खानदेशात तर हा शब्द कृषी सेवा केंद्राच्या फलकावर ‘पीक संरक्षण’ म्हणून रोज डोळ्यांसमोर असतो, आणि तिथे कपाशीवर बोंडअळी असते म्हणूनच संरक्षण असते. वर्णपटावर असा कोणी हल्ला करत नाही. प्रतिचित्रण (मॅप) एका कारकाचा दुसरा कारक करते आणि तसे करताना वर्णपट जसाच्या तसा राहतो, एवढेच सांगायचे आहे. त्यासाठी मराठीत ‘राखणे’ हे नेमके क्रियापद आहे. मान राखणे, समतोल राखणे, अंतर राखणे या प्रयोगांत काहीतरी चाललेले असते आणि ते चालू असताना एक गोष्ट ढळू दिलेली नसते. बागेची राखण करण्यातला पहाऱ्याचा अर्थही या क्रियापदाला आहे, हे खरे. पण वरच्या प्रयोगांमुळे वाचक तिकडे जाणार नाही.

एक उदाहरण कागदावर करून पाहावे. पहिल्या ओळीत २ आणि १, दुसऱ्या ओळीत ० आणि ३ असा आव्यूह घ्या. त्याचा वर्णपट २ आणि ३. ओळींचे स्तंभ केले, तर पहिल्या ओळीत २ आणि ०, दुसरीत १ आणि ३ येतात. वर्णपट पुन्हा २ आणि ३. आता मूळ आव्यूहाची पहिली ओळ दुप्पट आणि दुसरी ओळ निम्मी करा. निश्चयक (डिटर्मिनंट) ६ होता, तो ६ च राहिला, पण वर्णपट ४ आणि दीड झाला. म्हणजे ही क्रिया निश्चयक राखते, वर्णपट राखत नाही. हे वाक्य ‘संरक्षक’ घालून लिहून पाहिले, तर ते किती अवघडते ते लगेच कळते.

या शब्दाची गरज जुनी आहे. निश्चयक राखणारी रेषीय प्रतिचित्रणे कोणत्या रूपाची असतात, हे फ्रोबेनिअस यांनी १८९७ मध्येच दाखवले होते. स्वमूल्ये राखणाऱ्यांची रूपे दोनच, पाया बदलणे किंवा ओळींचे स्तंभ करून मग पाया बदलणे, हा निष्कर्ष मार्कस आणि मॉइल्स यांनी १९५९ मध्ये आव्यूहांसाठी मांडला, आणि बानाख अवकाशावरील (अनंत मितींचेही असू शकणाऱ्या अवकाशांवरील) सर्व सीमित कारकांच्या आच्छादक (एकही कारक न सुटता सर्वांपर्यंत पोचणाऱ्या) प्रतिचित्रणांसाठी तसाच निष्कर्ष जाफरियन आणि सुरूर यांनी १९८६ मध्ये सिद्ध केला. इतक्या थोड्या अटीवरून प्रतिचित्रणाचे संपूर्ण रूप हाती येते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते.

‘रेषीय’ बदलण्याचे कारण नाही. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ शाळेतच शिकलेली असतात. ‘नकाशा’ हा शब्द मात्र वगळावा, कारण तो जमिनीचा असतो. ‘कारक’ हा शब्दही तिथे वापरू नये. इथे कारक ही स्वतःच बदलली जाणारी वस्तू आहे आणि तिला बदलणाऱ्याला वेगळे नाव हवे, नाहीतर ‘कारक बदलणारा कारक’ असा गोंधळ होतो. म्हणून बाईंनी टिपणात ‘वर्णपट राखणारे रेषीय प्रतिचित्रण’ असे लिहावे, अनेकवचनात ‘वर्णपट राखणारी रेषीय प्रतिचित्रणे’. जोडरेघ लागत नाही, आणि ‘अमुक प्रतिचित्रण वर्णपट राखते’ असे क्रियापदाचे वाक्यही त्यातूनच सरळ तयार होते.