घरचं व्हेज चायनीज हॉटेलसारखं का लागत नाही? वाचकांचे प्रश्न

या वेळी चायनीजवर इतके प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या अंकात घेऊ. सगळे व्हेजचेच आहेत, फ्राइड राइस, नूडल्स, मंचुरियन, ग्रेव्ही. वाचता वाचता लक्षात आलं की निम्म्याहून जास्त तक्रारींच्या मुळाशी पाणी आहे. भाज्यांना सुटलेलं पाणी, भातात राहिलेलं पाणी, नूडल्समध्ये अडकलेलं पाणी. सॉस कुठल्या कंपनीचा, मसाला कुठला, हे सगळं त्याच्या नंतर येतं.

ताई, माझा फ्राइड राइस नेहमी चिकट होतो आणि भाज्या लिबलिबीत होतात. गॅस फुल्ल ठेवते, कढई मोठी घेते, सॉस पण सगळे घालते. तरी तो हॉटेलचा धुरकट खमंग वास येत नाही म्हणजे नाहीच.

कढई मोठी घेता ते चांगलंच आहे, पण तिच्यात एका वेळी किती घालता ते बघा. हॉटेलच्या भट्टीचा बर्नर घरच्या गॅसच्या कितीतरी पट ताकदीचा असतो, त्यामुळे तिथे भाजीला पाणी सुटलं की ते तिथल्या तिथे वाफ होऊन उडून जातं. आपल्याकडे ते उडायला वेळ लागतो, आणि पाणी आहे तोवर भाजी १०० डिग्रीच्या आसपास अडकून राहते, म्हणजे आपण परततोय असं वाटतं पण खरं तर ती उकडतेय. तो भाजका खमंगपणा साधारण १४० डिग्रीच्या पुढे यायला लागतो. मग गॅस वाढवता येत नाही तर कढईतला माल कमी करायचा, एवढाच मार्ग आहे. चार जणांचा भात एकदम परतू नका, दोन दोन वाट्या भात घेऊन दोन-तीन खेपांत करा, दर खेपेला कढई परत सणसणीत तापू द्या. आणि भाज्या धुतल्यावर फडक्यावर पसरून अगदी कोरड्या करून मगच चिरा, हे बहुतेक जण टाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

आता भात. तांदूळ चांगला धुवून भरपूर उकळत्या पाण्यात शिजवा, किंचित कणी असतानाच चाळणीत निथळा आणि मोठ्या ताटात पसरून टाका. पूर्ण गार झाला की फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी करा. थंड झाल्यावर भातातला स्टार्च परत घट्ट होतो, दाणा टणक होतो, म्हणून तो परतताना मोडत नाही. पण एक गोष्ट कळकळीने सांगते, शिळा भात चांगला म्हणून तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असू शकतो, त्याचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात बाहेर राहिला की वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही, उलट्या होतात. तासाभरात गार करून फ्रिजमध्ये, हा नियम पाळा.

परतताना तेल तापलं की लसूण, लगेच फरसबी-गाजर, मग कोबी आणि ढोबळी मिरची. भाज्या ताटलीत काढून ठेवा, त्याच कढईत भात टाकून मिनिटभर हलवू नका, तळाशी थोडा भाजला जाऊ दे, मग भाज्या परत आत. सोया सॉस भातावर ओतायचा नाही, तापलेल्या कढईच्या कडेने सोडायचा, तो चर्र करून जळतो तेव्हा जो वास येतो त्यात तुम्ही शोधताय त्यातला बराचसा भाग आहे. कांद्याची पात अगदी शेवटी, गॅस बंद करून.

नॉनस्टिक कढईत केलं तर चालेल का?

चालेल पण मोठ्या आचेवर नको. नॉनस्टिकचा थर साधारण २६० डिग्रीच्या वर खराब व्हायला लागतो आणि रिकामी कढई फुल्ल गॅसवर पटकन तिथपर्यंत जाते, त्याचा धूर चांगला नाही. चायनीजसाठी पातळ लोखंडी कढई घ्या. व्हिनेगरचे पदार्थ तिच्यात मुरत ठेवू नका, झालं की लगेच काढा, कढई धुवून गॅसवर कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा.

माझं व्हेज मंचुरियन तेलात सोडलं की फुटतं, सगळं तेल कोबीने भरून जातं. म्हणून मैदा वाढवला तर गोळे आतून एकदम घट्ट झाले. नेमकं प्रमाण सांगाल का?

प्रमाण सांगते पण त्याआधी कोबी पिळायला शिका. कोबी बारीक चिरा, मिक्सरमध्ये फिरवू नका, त्याचा रस निघून चिखल होतो. चिरलेल्या कोबीत आणि किसलेल्या गाजरात पाऊण चमचा मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग मुठीत घेऊन घट्ट पिळा. किती पाणी निघतं बघा. हे पाणी टाकू नका, ग्रेव्हीत घाला, पण मग ग्रेव्हीत मीठ हात राखून. पिळलेल्या भाज्या दोन कप असतील तर तीन टेबलस्पून मैदा आणि दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर इथून सुरुवात करा, आलं-लसूण-हिरवी मिरची, मिरपूड, वरून मीठ नाही. मैदा धरून ठेवतो, कॉर्नफ्लोअरने कुरकुरीतपणा येतो, म्हणून दोन्ही लागतात. मळायचं नाही, नुसतं एकत्र करायचं, मळलं की मैदा चिवट होतो आणि तुम्ही म्हणता तसे दगड होतात.

आणि कालवल्यावर लगेच तळायला घ्या. आपण पाहुण्यांची वाट बघत पीठ भिजवून ठेवतो, तेवढ्यात कोबीला परत पाणी सुटतं, मग आणखी मैदा घातला जातो आणि मग ते चक्र संपतच नाही. आधी एकच गोळा तळून बघा, फुटला तर एक चमचा कॉर्नफ्लोअर. तेल मध्यम तापलेलं हवं, एका घाण्यात सात-आठ गोळेच, आणि सोडल्यावर मिनिटभर झारा लावू नका. फिकट बदामी झाले की काढा. वाढायच्या आधी तेल कडक तापवून परत मिनिटभर तळा, पहिल्या तळणीत आत जी वाफ राहिलेली असते ती बाहेर येऊन वरचा थर ओला करते, दुसऱ्या तळणीत तो परत कोरडा होतो. चिली पनीर, क्रिस्पी कॉर्न, चिली पोटॅटो सगळ्याला हेच दोनदा तळणं लागू आहे.

ग्रेव्हीत कॉर्नफ्लोअरच्या गुठळ्या होतात. कधी गुठळ्या नाही झाल्या तर तासाभरात ग्रेव्ही पाण्यासारखी पातळ होते. असं का?

गुठळ्या होतात कारण कॉर्नफ्लोअर गरम पाण्यात कालवलेलं असतं किंवा कालवून ठेवल्यावर खाली बसलेलं असतं. गार पाण्यातच कालवा, आणि ओतण्याच्या क्षणी तळापासून परत ढवळा. एक कप पाण्याला एक टेबलस्पून सपाट, सूप असेल तर त्याच्या निम्म्याने. ओतल्यावर ग्रेव्हीला नीट उकळी येऊन ती पांढुरकी न राहता काचेसारखी चमकली पाहिजे, तोवर गॅस बंद केला तर कच्चट पिठाची चव राहते आणि ती नंतर पातळ पण होते. चमकली की मात्र थांबा, नंतर खूप वेळ उकळत ठेवली आणि ढवळत राहिलं तरी दाटपणा मोडतो.

दुसरं कारण व्हिनेगर. आंबट पदार्थ स्टार्चबरोबर खूप वेळ उकळला की दाटपणा तुटतो, शिवाय व्हिनेगरचा वासही उडून जातो, म्हणून ते गॅस बंद करताना घाला. आणि तिसरं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही, चव घेतलेला चमचा परत पातेल्यात बुडवणं. आपल्या लाळेत स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं, ग्रेव्ही कोमट झाल्यावर ते काम करतं. चव घ्यायला वेगळा चमचा ठेवा.

अजिनोमोटो न घालता हॉटेलची चव येते का? घरात लहान मुलं आहेत, सगळे म्हणतात ते विष आहे.

विष नाही, आणि ही भीती आता सोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, चव वाढवणारी पांढरी पावडर. १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ही चव वेगळी काढली, पुढच्याच वर्षी ती पावडर बाजारात आली. टोमॅटोत, मश्रूममध्ये, सोया सॉसमध्ये हेच ग्लुटामेट असतं. भीतीची सुरुवात १९६८ मध्ये झाली, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं की चायनीज खाल्ल्यावर मानेत बधिरपणा येतो, धडधडतं, आणि कारण म्हणून ज्या चार-दोन शक्यता त्यात होत्या त्यातली हीच लोकांच्या डोक्यात बसली. नंतर कुणाला काय दिलंय हे न सांगता चाचण्या झाल्या, त्यात जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणाला तो त्रास ठामपणे दिसला नाही. तरी कुणाला खाऊन बरं वाटत नसेल तर त्याने टाळावं, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र द्यायचं नाही.

खरं लक्ष द्यायचं ते मिठाकडे. एक टेबलस्पून सोया सॉसमध्ये ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोया, रेडी शेजवान सॉस, वरून मीठ, असं तिन्ही घातलं की मुलांच्या ताटात काय जातं याचा हिशोब करा.

न घालता चव आणायची तर सुके शिताके मश्रूम गरम पाण्यात भिजवून ते पाणी ग्रेव्हीत घाला, फार मोठा फरक पडतो. नसतील तर साधे बटन मश्रूम बारीक चिरून पाणी पूर्ण आटून तपकिरी होईपर्यंत परता. साखर चिमूटभर आणि पांढरी मिरी विसरू नका.

आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. मुलं मात्र नूडल्स मागतात. लसणाशिवाय चायनीज होतं का?

होतं, आणि ही काही तडजोड नाही. चीनमधले बौद्ध मठ शेकडो वर्षं शाकाहारी स्वयंपाक करतायत आणि त्यात कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या भाज्या वर्ज्य असतात. तिथे चव येते ती आल्यातून, मश्रूममधून, सोयाबीनच्या आंबवलेल्या पदार्थांतून आणि तिळाच्या तेलातून. तुम्ही आलं जरा जास्त घ्या, सेलरीचे देठ बारीक चिरून लसणाच्या जागी तेलात टाका, हिरवी मिरची, मिरपूड आणि उतरवताना भाजलेल्या तिळाचं तेल अर्धा चमचा. जैन पाहुणे असतील तर आलं, गाजर, मश्रूमही चालणार नाहीत, आल्याऐवजी सुंठ बऱ्याच घरांत चालते, आणि सोया-व्हिनेगर चालतं का हे आधी विचारून घ्या. बाहेरचे सॉस घेताना हिरवा ठिपका बघाच, ऑयस्टर सॉस आणि फिश सॉस शाकाहारी नसतात.

नूडल्सचा गोळा होतो.

पाणी भरपूर घ्या, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा मिनिटभर आधी काढा, गार पाण्याखाली धरून वरचा चिकटपणा धुऊन टाका, चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या आणि मग तेलाचा हात लावा. परतताना उलथनं नको, चिमट्याने किंवा दोन काट्यांनी उचलून उचलून हलवा.

शेजवान चटणीला हॉटेलसारखा लालभडक रंग कसा आणायचा? रंग घालायचा नाहीये.

घालूच नका. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली ती तपासलेल्या नमुन्यांत असुरक्षित रंग सापडले म्हणून. रंग मिरचीतून येतो, बेडगी किंवा काश्मिरी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, गुळगुळीत वाटा. तेल सढळ हाताने घ्या, त्यात भरपूर बारीक चिरलेला लसूण आणि आलं मंद आचेवर, मग मिरचीचं वाटण, आणि कडेने तेल सुटेपर्यंत दहा-बारा मिनिटं परता. घाई केली तर रंग विटकरी राहतो आणि मिरची कच्ची लागते. मग मीठ, साखर, थोडा सोया, व्हिनेगर. वाटलं तर एक-दोन तिरफळं, आतलं काळं बी काढून, सालं कुटून घाला, चीनमधल्या सिचुआन प्रांतातली जिभेला झिणझिण्या आणणारी मिरी याच कुळातली आहे, ती चव आपल्या बाटलीबंद शेजवानमध्ये नसते. चटणी फ्रिजमध्येच ठेवायची आणि आठवड्यात संपवायची, तेलातला लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं आहे.

आठ जण जेवायला आहेत, मंचुरियन, फ्राइड राइस आणि सूप करायचंय. सगळं गरम कसं वाढू?

आदल्या दिवशी भात आणि शेजवान चटणी. सकाळी भाज्या चिरून, कोरड्या करून, वेगवेगळ्या डब्यांत. पाहुणे यायच्या तासभर आधी मंचुरियनची पहिली तळणी उरका, सूप आणि ग्रेव्ही कॉर्नफ्लोअर न घालता तयार ठेवा. मंडळी आल्यावर सूप दाट करून वाढा, ते पीत असताना भाताच्या चार ते सहा खेपा काढून झाकणाच्या मोठ्या पातेल्यात भरत जा, झाकण थोडं तिरकं ठेवा म्हणजे आत वाफ धरणार नाही. मंचुरियनची दुसरी तळणी आणि ग्रेव्ही सगळ्यात शेवटी, आणि गोळे ग्रेव्हीत पडले की थेट टेबलावर.