हार्ड क्रोमच्या (क्रोमियमचा कठीण मुलामा देण्याच्या) बाथमध्ये लोखंड वाढलं आहे. मेम्ब्रेन सेल लावून बाथ वाचेल का?

वाचेल. तुम्ही लिहिलंय की १००० लिटरच्या बाथमध्ये लोखंड लिटरमागे १२ ग्रॅमवर गेलंय, व्होल्टेज वाढवावं लागतं आणि जॉबच्या (मुलामा द्यायच्या भागांच्या) कडा जळतात. एवढ्यासाठी बाथ फेकू नका. ते क्रोमिक ॲसिड ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) गेलं तर विषारी गाळाचा डोंगर होईल, शिवाय सोडायच्या पाण्यात हेक्साव्हॅलंट (सहासंयुजी, विषारी) क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत आणावं लागतं.

या सेलचं काम सोपं आहे. बाथमधलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम ऋणभारित असतं, लोखंड, तांबं आणि ट्रायव्हॅलंट (त्रिसंयुजी) क्रोमियम धनभारित. मध्ये कॅटायन मेम्ब्रेन (फक्त धनभारित आयन पलीकडे जाऊ देणारा पडदा) लावून करंट दिला की लोखंड-तांबं पलीकडे कॅथोडच्या कप्प्यात जातं, क्रोमिक ॲसिड बाथमध्येच राहतं. लेड ॲनोडवरच्या लेड डायऑक्साइडच्या थरामुळे बरंचसं ट्रायव्हॅलंट परत हेक्साव्हॅलंट होतं. मेम्ब्रेन मात्र नॅफिऑनसारखं फ्लोरिनवालंच घ्या, साध्या मेम्ब्रेनला क्रोमिक ॲसिड खाऊन टाकतं.

आता विक्रेते सहसा सांगत नाहीत ते. फॅरेडेच्या हिशोबाने एका अँपिअर-तासात फार तर ०.७ ग्रॅम लोखंड निघतं. १२ वरून ४ वर यायला ८ किलो काढायचंय, म्हणजे १०० अँपिअरवर सुमारे ११५ तास. पण हा झाला कागदावरचा आकडा. इतक्या तीव्र ॲसिडमध्ये बहुतेक करंट हायड्रोजन आयनच वाहून नेतात, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट वेळ लागतो. सेल विकत घेण्याआधी तुमच्याच बाथवर चाचणी मागा आणि अँपिअर-तासामागे किती लोखंड निघालं ते लेखी घ्या.

कॅथोडच्या कप्प्यातलं द्रावण आम्लधर्मीच ठेवा, नाहीतर हायड्रॉक्साइडचा गाळ मेम्ब्रेनवर बसतो. तिथे सल्फ्युरिक वापरत असाल तर थोडं सल्फेट बाथमध्ये झिरपतं आणि क्रोमिक ॲसिड आणि सल्फेटचं १००:१ चं प्रमाण बिघडतं, म्हणून सल्फेट नियमित तपासा.

पण खरं सांगू का, आधी लोखंड येतंय कुठून ते बघा. रिव्हर्स एचिंग (मुलाम्याआधी करंट उलटा देऊन जॉबचा पृष्ठभाग किंचित खाणं) त्याच टाकीत करत असाल तर प्रत्येक जॉब बाथमध्ये लोखंड सोडतोय. त्यासाठी वेगळी टाकी करा, आणि तळाशी पडलेले जॉब आजच काढा. आवक थांबली की छोटा सेलही रात्रंदिवस चालवून पुरतो.