केसेलोव्स्कीने तोट्यातला ट्रक संघ इतकी वर्षे का चालवला?

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. चालक ब्रॅड केसेलोव्स्कीने ऐन उमेदीच्या वयात नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतील मोटार शर्यतींच्या, ट्रक मालिकेत स्वतःचा संघ काढून वर्षानुवर्षे तोटा का सोसला, हा पहिला. आणि एवढे पोळल्यानंतरही पेन्स्केसारखा बलाढ्य संघ सोडून 2022 मध्ये तो पुन्हा दुसऱ्या एका संघाचा भागीदार का झाला, हा दुसरा. श्रीमंत खेळाडूची हौस म्हणून दोन्ही प्रश्न निकालात काढता येतात, परंतु ज्या घरात तो वाढला ते पाहिले तर हौस हे उत्तर पटत नाही. मी शार्लटच्या परिसरात, म्हणजे नॅसकारचे बहुतेक संघ जिथे आहेत त्या भागात, बरीच वर्षे राहतो आहे आणि या चालकाकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवून आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

ब्रॅडचा जन्म 1984 चा, मिशिगन राज्यातील रॉचेस्टर हिल्सचा. वडील बॉब केसेलोव्स्की हे 1989 चे एआरसीए या दुय्यम मोटार शर्यत मालिकेचे विजेते, पुढे ट्रक मालिकेतही 1997 मध्ये रिचमंडला जिंकलेले. काका रॉनही चालक. संघ घरचाच होता, के-ऑटोमोटिव्ह नावाचा. मालिकेला ट्रक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मुंबई–आग्रा महामार्गावरचा दहा चाकी ट्रक उभा राहतो, म्हणून सांगतो: ही पिकअपसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांची मालिका असून नॅसकारच्या तीन राष्ट्रीय श्रेणींमध्ये ती सर्वांत खालची आहे. ब्रॅडने 2004 मध्ये घरच्याच गाडीतून या मालिकेत पदार्पण केले आणि दोनच वर्षांत पैशांअभावी घरच्या संघाचा गाशा गुंडाळावा लागला. मोठ्या कंपन्यांचे पाठबळ असलेल्या संघांपुढे कौटुंबिक संघ कसा हळूहळू कोरडा पडतो, हे त्याने बाविशीच्या आत घरातच पाहिले होते.

त्यानंतर 2007 मध्ये मेम्फिसच्या शर्यतीसाठी जर्मेन रेसिंग या ट्रक संघाचा नियमित चालक टेड मसग्रेव्ह निलंबित झाल्यामुळे ब्रॅडला त्याच्या जागी एक दिवसाची संधी मिळाली. त्याने पात्रता फेरीत पहिला क्रमांक पटकावला आणि शर्यतीतही तो आघाडीवर राहिला. जिंकला नाही, पण नामवंत चालक आणि संघमालक डेल अर्नहार्ट ज्युनियरच्या नजरेत भरला आणि त्याच वर्षी त्याच्या जेआर मोटरस्पोर्ट्स संघात दाखल झाला. काही काळ तो अर्नहार्टच्या आवारातल्या घरातच राहत होता. याचा अर्थ असा की ज्याच्याकडे नोकरी, त्याच्याकडेच निवारा, आणि ही नोकरी मिळाली ती दुसऱ्या कोणावर तरी निलंबनाची वेळ आली म्हणून. अशा माणसाने पुढच्याच वर्षी, म्हणजे 2008 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी स्वतःचा ट्रक संघ सुरू केला. माझ्या समजुतीनुसार त्या निर्णयाचे मूळ इथे आहे: चालकाची जागा नेहमी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हे त्याला दोन्ही बाजूंनी कळून चुकले होते.

चालक म्हणून त्याचे नाव झाले ते 26 एप्रिल 2009 रोजी टॅलडेगाच्या धावपट्टीवर. फिनिक्स रेसिंग या छोट्या संघाची 09 क्रमांकाची गाडी घेऊन शेवटच्या फेरीत तो कार्ल एडवर्ड्सच्या पाठोपाठ होता. आतल्या बाजूने पुढे जाऊ पाहणाऱ्या ब्रॅडला अडवण्यासाठी एडवर्ड्स खाली आला. ब्रॅडने धावपट्टीच्या आतल्या कडेची पिवळी दुहेरी रेषा ओलांडली नाही आणि वेगही सोडला नाही, कारण आदल्याच शरद ऋतूत याच धावपट्टीवर रेगन स्मिथ ती रेषा ओलांडून पहिला आला होता आणि त्याचा विजय काढून घेण्यात आला होता. गाड्या भिडल्या, एडवर्ड्सची गाडी हवेत उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली, काही प्रेक्षक जखमी झाले, आणि सुदैवाने वाचलेला एडवर्ड्स गाडीतून उतरून पायीच समाप्तीरेषेपर्यंत गेला. सर्वोच्च कप मालिकेतला ब्रॅडचा हा पहिला विजय. त्यानंतर रॉजर पेन्स्केने त्याला घेतले. 2010 मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद आणि 2012 मध्ये पाच विजयांसह थेट कप मालिकेचे विजेतेपद, जे पेन्स्के संघाचेही कपमधले पहिलेच होते.

आता ट्रक संघाकडे येऊ. संघाने दीर्घकाळ वापरलेला 29 हा क्रमांक वडिलांच्या गाडीचा. संघ वर्षाकाठी सुमारे 10 लाख डॉलर तोट्यात चालतो, हे ब्रॅडने स्वतः उघडपणे सांगितले होते. तोटा होतो याचे कारण गैरव्यवस्थापन नसून मालिकेची रचना हे आहे. इंजिने, टायर, गाड्या वाहून नेणारे ट्रेलर, यंत्रशाळेतील आणि पिटमधील, म्हणजे शर्यतीदरम्यान थांबलेल्या गाडीचे टायर-इंधन पाहणाऱ्या, माणसांचे पगार यांचा खर्च वरच्या श्रेणीच्या दिशेने चढत असतो, पण बक्षिसाची रक्कम आणि प्रायोजकाला मिळणारी प्रसिद्धी खालच्या श्रेणीचीच राहते. म्हणूनच अशा संघांत पुष्कळदा चालकच, खरे तर चालकाचे वडील, पैसे घेऊन येतात. ब्रॅडच्या संघाचा कल वेगळा होता. जमेल तितके गुणवत्तेवर माणूस निवडायचा आणि उरलेला खड्डा स्वतःच्या पेन्स्केकडच्या कमाईतून भरायचा. हे परवडण्याजोगे नव्हतेच, पण निवड मात्र अचूक होती. रायन ब्लेनीने वयाच्या अठराव्या वर्षी, सप्टेंबर 2012 मध्ये, आयोवाला संघाला पहिला विजय मिळवून दिला. पुढे 2023 मध्ये तो कप विजेता झाला. टायलर रेडिक 2015 मध्ये ट्रक मालिकेत दुसरा आला आणि नंतर दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद त्याने लागोपाठ दोनदा जिंकले. ऑस्टिन सिंड्रिक आणि चेस ब्रिस्को ही 2017 ची जोडी; त्यांपैकी ब्रिस्कोने होमस्टेडला संघाची अखेरचीच शर्यत जिंकली. बंद होण्याचा निर्णय काही महिने आधीच जाहीर झाला होता, त्यामुळे त्या विजयानंतर संघाची मोडतोडच व्हायची होती.

बंद का केला, तर ट्रक संघ कितीही नावारूपाला आला तरी मालकाच्या हाती विकण्याजोगे काही राहत नाही. कप मालिकेत 2016 पासून चार्टर पद्धत आली: 36 चार्टर, प्रत्येकाला दर शर्यतीत हमखास जागा आणि उत्पन्नातला वाटा. चार्टर विकता येतो, आणि माध्यमांतील वृत्तांनुसार अलीकडे एकेकाची किंमत काही कोटी डॉलरवर गेली आहे. ट्रक मालिकेत असे काहीच नाही. उरते ती इमारत आणि यंत्रे. ब्रॅडने स्टेट्सव्हिलच्या त्याच जागेत धातूचे त्रिमितीय मुद्रण करणारी उत्पादन कंपनी उभारली. शर्यतीतल्या मालकाने इतके थंड डोक्याने कुलूप लावून दुसरे दार उघडल्याचे उदाहरण क्वचित सापडेल. मला स्वतःला त्याच्या कोणत्याही करंडकापेक्षा हा निर्णय अधिक बोलका वाटतो.

चालक-मालक म्हटले की इथे सगळे ॲलन कुल्विकीचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. विस्कॉन्सिनचा हा अभियंता स्वतःचा एकाच गाडीचा संघ चालवत होता, ज्युनियर जॉन्सनसारख्या मातब्बर मालकाचे बोलावणे त्याने नाकारले होते, आणि 1992 च्या शेवटच्या शर्यतीत बिल इलियट पहिला येऊनही कुल्विकी 10 गुणांनी विजेता ठरला. आघाडीवर 103 फेऱ्या याच्या आणि 102 इलियटच्या, त्यामुळे सर्वाधिक फेऱ्यांचे अतिरिक्त गुण याला मिळाले. पुढच्याच एप्रिलमध्ये विमान अपघातात त्याचे निधन झाले. त्यानंतर थेट 2011 मध्ये टोनी स्टीवर्ट स्वतःच्या हिश्श्याच्या संघातून कप विजेता झाला. कुल्विकीने सर्वस्व एका गाडीवर लावले; ब्रॅडने दहा वर्षे दुसऱ्याकडे नोकरी करत, खालच्या श्रेणीत, झेपेल तेवढाच तोटा घेत मालकी शिकून घेतली. दोघांना एका मापाने मोजू नये.

यातूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. रूश फेनवे संघाने जुलै 2017 नंतर एकही कप शर्यत जिंकलेली नव्हती. 2021 मध्ये जाहीर झाले की ब्रॅड तिथे हिस्सा घेणार आणि 6 क्रमांकाची गाडीही चालवणार. संघाच्या नावात त्याचे आद्याक्षर आले. कप चालक डेनी हॅमलिन बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनसह एका संघाचा मालक आहे, पण गाडी चालवतो जो गिब्ज या दुसऱ्या मालकाच्या संघाची. ब्रॅडने मात्र दोन्ही भूमिका एकाच गाडीत आणल्या. याचे परिणाम पहिल्याच हंगामात दिसले. मार्च 2022 मध्ये ॲटलांटाच्या शर्यतीनंतरच्या तपासणीत एका पुरवठादाराच्या सुट्या भागात फेरफार आढळला, तेव्हा चालकाच्या खात्यातून 100 आणि मालकाच्या खात्यातूनही 100 गुण कापले गेले (मालकांचे गुण वेगळे मोजले जातात), एक लाख डॉलर दंड झाला आणि क्रू चीफला, म्हणजे गाडीच्या पथकप्रमुखाला, चार शर्यतींसाठी बाहेर बसावे लागले. अपील फेटाळले गेले. एरवी असा दंड झाला की चालक मालकाकडे बोट दाखवू शकतो; इथे त्याला ती सोय नव्हती. चालक म्हणून तो हंगाम त्याने चोविसाव्या स्थानावर संपवला, पण सप्टेंबरमध्ये संघाचा दुसरा चालक ख्रिस बुशरने ब्रिस्टलला जिंकून संघाचा पाच वर्षांचा दुष्काळ संपवला, आणि 2023 मध्ये बुशरने आणखी तीन शर्यती जिंकल्या.

ब्रॅडचा स्वतःचा विजय आला मे 2024 मध्ये डार्लिंग्टनला, 110 शर्यती विजयाविना गेल्यानंतर. शेवटच्या टप्प्यात आघाडीसाठी झुंजत होते बुशर आणि रेडिक, म्हणजे एक त्याच्या आजच्या संघाचा चालक आणि दुसरा त्याच्याच जुन्या ट्रक संघातून वर आलेला. त्यांची टक्कर झाली, दोघेही मागे पडले आणि ब्रॅड पुढे निघून गेला. शर्यत संपल्यावर बुशर रेडिकला जाब विचारायला गेला, तेव्हा चालक म्हणून आनंद साजरा करणाऱ्या माणसाला मालक म्हणून आपल्या दुसऱ्या गाडीचे नुकसानही मोजायचे होते.

चाळिशीनंतर स्वतः गाडी चालवत राहण्याचा त्याचा हट्ट संघाच्या हिताचा आहे का, याबद्दल मला शंका आहे. ती जागा एखाद्या तरुणाला द्यावी असे मला वाटते, आणि तरुण ओळखण्यात तर त्याचा हातखंडा आहे. मालकीचा निर्णय मात्र मी चुकीचा म्हणणार नाही. आपण यापुढे शर्यत पाहाल तेव्हा चालकांच्या गुणतक्त्याबरोबर मालकांचा गुणतक्ताही उघडून पाहावा. तो वेगळा प्रसिद्ध होतो, आणि ब्रॅडच्या बाबतीत दोन्ही तक्ते एकत्र वाचल्याशिवाय त्याचा हंगाम कसा गेला हे कळत नाही.