घर, नोकरी, आई सांभाळून ख्रिस्ती माणसाने देवाला पहिलं स्थान द्यायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की प्रार्थनागटात ‘आसक्ती सोडा’ हे सतत ऐकून नोकरी सोडावी, मठात जावं असं वाटतंय. पण घरी म्हातारी आई आहे आणि डोक्यावर कर्ज आहे.

आई ही आसक्ती नाही. बायबलमधलं मार्क ७:९-१३ वाचा. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून हात वर करणाऱ्यांना येशूने तिथे धारेवर धरलंय. लूक १४:२६ मधला (आईबापांचा) ‘द्वेष’ शब्द पुढे करून पोरांना घरच्यांपासून तोडणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. मत्तय १०:३७ मध्ये हीच गोष्ट ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ अशी आली आहे. प्रेम कमी करा असं तिथे कुठेही नाही, क्रम लावा असं आहे. आईचं औषध चुकवून रात्रभर जागरणाला बसणारा माणूस देवाला पहिला ठेवत नाही, स्वतःच्या भक्तीला ठेवतो.

कर्जाचं तर कॅनन लॉमध्येच, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातच, आहे. कलम ६४४ प्रमाणे फेडता न येणारं कर्ज असलेल्याला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे मठातल्या सुरुवातीच्या उमेदवारीत, घेता येत नाही. ही उमेदवारी किमान १२ महिने, तात्पुरती व्रतं ३ ते ६ वर्षं, मग कायमची. पहिल्या व्रतांआधी मालमत्तेचा कारभार दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करायचं, हे कलम ६६८. चर्च स्वतः इतकं सावकाश चालतं, आणि गटातले लोक तुम्हाला महिन्याभरात राजीनामा द्यायला सांगतात!

आता आसक्ती ओळखायची कशी. जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात, १४९ व्या परिच्छेदापासून, तीन माणसं येतात. प्रत्येकाने १० हजार डुकाट (जुनी सोन्याची नाणी) कमावलेत, चोरून नव्हे, पण निव्वळ देवाच्या प्रेमापोटीही नव्हेत. ते ओझं तिघांनाही टोचतं. पहिला म्हणतो, सोडायचंय; आणि मरेपर्यंत एक पाऊल उचलत नाही. दुसऱ्यालाही ओढ सोडायचीय, पण पैसा ठेवून. देवानेच आपल्याला हवं तिथे यावं असं त्याला वाटतं. आपण बहुतेक सगळे हे दुसरे: दशमांश देतो, मिस्सा चुकवत नाही, आणि बांधावरच्या दीड गुंठ्यासाठी सख्ख्या भावाशी बोलणं बंद. तिसऱ्याला ठेवण्याची ओढ नाही आणि टाकण्याचीही नाही. देवाच्या सेवेला जे बरं तेच हवं. तोवर मनाने त्याने सगळं सोडलेलंच असतं. टाकण्याचीही ओढ नाही, हे नीट लक्षात घ्या. राजीनाम्याची घाई हीसुद्धा ओढच असते.

रोज काय करायचं तेही तिथेच आहे, परिच्छेद २४ ते ३१. एकच दोष निवडा, मोजता येईल असा. ‘पैशाचा लोभ’ मोजता येत नाही, ‘बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघणं’ मोजता येतं. सकाळी उठताच निश्चय. दुपारी जेवणानंतर तासातासाचा हिशेब, रात्री जेवणानंतर पुन्हा. वहीत प्रत्येक दिवसाला दोन रेघा: दुपारच्या हिशेबाची वरची, रात्रीची खालची, आणि चूक झाली तितके ठिपके त्या त्या रेघेवर. सात दिवसांच्या सात जोड्या, आणि त्या खाली खाली आखूड होत जातात, कारण ठिपकेही कमी व्हावेत ही अपेक्षा. चूक होताच तिथल्या तिथे छातीवर हात ठेवून पश्चात्ताप. चारचौघांतही कुणाला कळत नाही. मग रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघा.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. लोक एकदम चार दोष धरतात आणि पाचव्या दिवशी वही बंद होते. किंवा सोपं निवडतात: प्रायश्चित्तकाळात मटण सोडलं, पण खरी ओढ मोबाइलची. किंवा ठिपके वाढले की खचतात. पहिल्या आठवड्यात ते वाढणारच, कारण आता कुठे लक्ष जायला लागलं.

दानाचा हात आखडत असेल तर त्याच पुस्तकातले परिच्छेद ३३७ पासूनचे नियम बघा. अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर किती द्यायला सांगितलं असतं? आणि मरणाच्या घटकेला किती दिल्याचं समाधान वाटलं असतं? दोन्ही आकडे कागदावर लिहा. नातेवाइकाला देत असाल तर आधी हेही तपासा की ते प्रेम देवाकडून येतंय की नात्याच्या भिडेतून.

मठाबद्दल उत्तर अर्धंच दिलं, कल्पना आहे. बोलावणं खरंही असेल. पण मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही (त्याच पुस्तकातला परिच्छेद ३१८), आणि मन भरून आलेलं असताना घाईने नवस-वचन द्यायचं नाही (पुस्तकाच्या सुरुवातीची सूचना १४). गटातल्यांना हे दोन्ही उतारे दाखवा. जे काय ठरवाल ते रिट्रीट (एकांत-प्रार्थनेचं शिबिर) घेणाऱ्या अनुभवी फादरांशी किंवा सिस्टरांशी बोलून, गटात नको.

हो, एक राहिलं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सतत पापी असल्यासारखं वाटत असेल, तर ठिपक्यांची वही आत्ता सुरू करू नका, आधी डॉक्टर. आणि प्रोटेस्टंट असाल तर कॅनन लॉ तुम्हाला लागू नाही, वही मात्र चालेल.