बायस टेपची गोधडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एकरंगी कापडावर बायस टेपच्या मोजक्या वळणदार रेषा लावून ४० इंच चौरस गोधडी करायची आहे. टेप तयार घ्यावी की घरी कापावी? कापड किती लागेल?

घरीच कापा. बायस टेप म्हणजे उरेब, म्हणजे तिरपी कापलेली आणि कडा दुमडलेली कापडाची पट्टी. तयार टेप बऱ्याचदा खळीमुळे कडक असते. एकदा धुतली की लुळी पडते, आणि रंगही मिळतीलच असे नाही. उरेब म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना बरोबर ४५ अंशांत. कोन चुकला तर पट्टी एका अंगाला जास्त ताणते आणि वळणावर पीळ घेते. म्हणून कापड कापण्याआधी किनारीला मोजपट्टी लावून कोन तपासा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

अर्धा इंच टेपसाठी १ इंच रुंद पट्टी लागते, कारण दोन्ही कडा दुमडून पाठीमागे मध्यावर येतात. हिशोब सोपा आहे: कापडाच्या चौकोनाचे क्षेत्रफळ भागिले पट्टीची रुंदी. १८ इंची चौकोनातून ३२४ इंच, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास पट्टी निघते. जोड आणि कोपऱ्यांतले आखूड तुकडे वजा जाता ७ मीटरच धरा. रेषांची लांबी मोजायला पूर्ण मापाचे चित्र कागदावर काढा, त्यावर दोरा ठेवत जा आणि येईल त्या मापात दहावा हिस्सा मिळवा.

जोड तिरपाच हवा. दोन पट्ट्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून काटकोनात मांडा. तिरप्या कापलेल्या टोकांचे छोटे कान दोन्हीकडे बाहेर दिसले पाहिजेत. टोके अगदी जुळवून शिवली तर जोड उघडल्यावर पट्टीला पायरी पडते. शिवण उघडून इस्त्री करा, नाहीतर ती गाठ टेप मेकरच्या (पट्टीच्या कडा दुमडून देणाऱ्या छोट्या साधनाच्या) तोंडात अडकते. इस्त्री करताना टेप मेकर मागे सरकवायचा, पट्टी ओढायची नाही. इस्त्रीचे टोक मेकरला जवळजवळ टेकलेले असू द्या. मध्ये बोटभर जागा राहिली तरी घडी तेवढ्यात उघडते.

प्रश्न : वळणावर टेपच्या आतल्या बाजूला चुण्या पडतात, आणि सरळ भागातही टेप पिरगळल्यासारखी दिसते. काय चुकते?

या दोन वेगळ्या चुका आहेत. वळणाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा आखूड असते. उरेब कापड ताणले जाते, पण जादा झालेले कापड मुरवायला जागा लागते. बाहेरची कड आधी शिवली तर आतले जादा कापड कुठेच जात नाही आणि त्याच्या चुण्या होतात. म्हणून आतली कड आधी शिवायची. मग बाहेरची कड हलकी ताणून बसते.

'एस'सारख्या रेषेत आतली बाजू मध्येच बदलते, तिथे नुसता क्रम पुरत नाही. टेपला आधीच आकार द्या: चित्रावर टेप ठेवा, वाफेची इस्त्री दाबून उचला, घासू नका, आणि गार होईपर्यंत हलवू नका. टाचणीशिवाय टेप रेषेवर सपाट पडून राहिली, तरच शिवायला घ्या. राहत नसेल तर वळण त्या रुंदीला झेपत नाही. ४ इंचांहून लहान व्यासाच्या वळणाला पाव इंच टेप घ्यावी, असे आमचे मत.

पिरगळण्याचे कारण टीप मारण्याची दिशा. मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलत जातो. एक कड वरून खाली आणि दुसरी खालून वर शिवली की दोन्हींकडून उलट ओढ बसते. दोन्ही कडा एकाच टोकापासून शिवा. टीप कडेपासून दीड मिलिमीटर आत ठेवा.

प्रश्न : रेषा एकमेकींच्या वरून-खालून गेल्यासारख्या दाखवायच्या आहेत. क्रम कसा ठरवू?

शिवायच्या आधी चित्रावर प्रत्येक छेदाला 'वर' की 'खाली' ते लिहून टाका. टेप जिथे वर आहे आणि खालची टेप अजून लावायची आहे, तिथे टेपच्या रुंदीपेक्षा अर्धा इंच जास्त जागा दोन्ही कडांना न शिवता सोडा. खालची टेप त्यातून ओवून शिवा, मग ती फट बंद करा. टेपचे उघडे टोक नेहमी अशा छेदाखाली लपवा, म्हणजे सुरुवात कुठे झाली ते कळत नाही. फिकट टेप गडद टेपवरून नेली तर खालचा रंग झिरपल्यासारखा दिसतो. जमेल तिथे गडद टेप वर घ्या.

प्रश्न : टेप आधी वरच्या कापडावर लावावी की तिन्ही थरांवर एकदम?

छेद असतील तर आधी फक्त वरच्या कापडावर. मोकळ्या, लांब रेषा असतील तर तिन्ही थरांवर एकदम लावा, तीच टीप गोधडीचे टाके होते. मात्र मधल्या भरणीच्या पाकिटावर दोन टिपांमधले कमाल अंतर दिलेले असते. रिकाम्या जागेत ते ओलांडले जात असेल तर तिथे साध्या टिपा घाला, नाहीतर धुतल्यावर भरणीचे गोळे होतात. टिपांमुळे कापड आवळते, म्हणून ४० इंचांसाठी वरचे कापड ४४ इंच घ्या, अस्तर आणि भरण त्याहून थोडी मोठी, आणि शेवटी काटकोनात छाटा. थर जोडताना दर ४ इंचांवर सेफ्टी पिन लावा. शिवताना वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे सरकवणारा मशीनचा पाय), ९० नंबरची सुई आणि ३ मिलिमीटरचा टाका ठेवा.

प्रश्न : रेषा आखायला कोणते पेन?

पाण्याने जाणारे. पण इस्त्रीच्या आधी खूण पाण्याने काढा, उष्णतेने ती पक्की होऊ शकते. उष्णतेने पुसणाऱ्या पेनाची रेष थंडीत पुन्हा उमटू शकते, म्हणून ती टेपखाली झाकली जाईल अशाच जागी वापरा. दोन्ही पेने आधी कापडाच्या तुकड्यावर तपासा. गडद टेपचे कापड कापण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग लागला तर ते पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.